‘सेन्सेइ’ आणि ‘नामा-बीरु’: चिन्ह एकच, मग खरा अर्थ कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानीची एन-फोर ही प्राथमिक पातळीची परीक्षा झाली, आता चिनी सुरू केलं आहे. अगदी सुरुवातीला शिकलेल्या एका कांजीचा, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी चिन्हाचा, अर्थ तुम्ही ‘जीवन’ असा पाठ केला होता. त्या हिशेबानं ‘सेन्सेइ’ (शिक्षक) म्हणजे ‘आधीचं जीवन’ होतं आणि ‘नामा-बीरु’ म्हणजे ‘जीवन-बिअर’. चिनीत तर ‘जीवन’ आणि ‘हवा’ मिळून रागावणं होतं, ‘जीवन’ आणि ‘भाजी’ मिळून लेट्यूस. यातला खरा अर्थ कोणता, आणि या चिन्हाचे सगळे उच्चार पाठ करायचे का?

उच्चारांबद्दल आधी सांगून टाकते: नाही, यादी पाठ करू नका. का ते खाली येईलच. अर्थाच्या प्रश्नात मात्र एक गृहीतक लपलेलं आहे. प्रत्येक चिन्हाला एकच पक्का अर्थ असतो आणि शब्द म्हणजे त्या अर्थांची बेरीज, असं तुम्ही धरून चालला आहात. सुरुवातीची पन्नास-साठ चिन्हं या बेरजेवर निभावतात, म्हणून सवय लागते. हे चिन्ह ती सवय मोडायला उत्तम आहे.

आपण एकाच चिन्हाबद्दल बोलतोय ना, एवढं पक्कं करू. रेघा पाच: तीन आडव्या, मधून एक उभी, डाव्या खांद्यावर एक लहान तिरपी. सगळ्यात खालची आडवी रेघ काढली आणि उभी थोडी खाली ओढली की ‘गाय-बैल’ हे चिन्ह होतं. चिनीत याचा उच्चार एकच, ‘शंग’, पहिल्या म्हणजे सपाट उंच सुरात. उच्चार मी देवनागरीतच लिहिणार आहे. चिनीसाठी आपली लिपी रोमनपेक्षा सोयीची पडते, कारण तिथे प-फ, त-थ, च-छ हा भेद महत्त्वाचा आहे आणि तो आपल्याकडे आयता आहे.

प्राचीन चीनच्या शांग राजवटीतल्या कोरीव हाडांवर, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १२०० च्या सुमारास, हे चिन्ह जमिनीतून वर आलेल्या कोंबासारखं दिसतं. त्यामुळे मूळ कल्पना ‘जीवन’ हे नाम नाही, ‘उगवणं’ हे क्रियापद आहे. उगवण्यातून एका बाजूला जन्मणं, जगणं, निर्माण होणं हे अर्थ फुटले. दुसऱ्या बाजूला, जसं उगवलं तसंच आहे, त्यावर अजून कुणाचा हात फिरलेला नाही, म्हणजे कच्चं, हा अर्थ आला. तुमचा गोंधळ या दुसऱ्या फांदीमुळे आहे, कारण ‘जीवन’ या शब्दात ती मावत नाही.

मी शिकवताना अर्थाऐवजी विरुद्धार्थी शब्द विचारते. या शब्दात आपल्या चिन्हाच्या जागी त्याच्या उलट काय बसेल? उत्तर ‘मरण’ आलं (चिनी ‘स्स’, जपानी ‘शि’), तर आपण पहिल्या फांदीवर आहोत. उत्तर ‘शिजलेलं, पिकलेलं’ आलं (चिनी ‘शू’, दुसरा सूर), तर दुसऱ्या. ही कसोटी चिनीत फार नेमकी चालते, कारण तिथे ‘शंग’ आणि ‘शू’ या जोडीचे शब्द खरोखरच समोरासमोर उभे आहेत.

उदाहरणार्थ बिअर. चिनी राष्ट्रीय मानकात उष्णता देऊन जंतू मारलेली बिअर ‘शू’ वर्गात येते, उष्णता न देता गाळून टिकवलेली ‘शंग’ वर्गात. युन्नानच्या फूअर चहाचं तेच. ‘शंग’ फूअर वर्षानुवर्षं आपोआप मुरतो. ‘शू’ फूअरसाठी पानांचा ढीग ओला करून, झाकून, काही आठवडे गरम होऊ देतात. ही पद्धत १९७० च्या दशकात रुळली. औषधांच्या दुकानात एकाच मुळीचे ‘शंग-ती’ आणि ‘शू-ती’ असे दोन प्रकार मिळतात, एक कच्चा आणि एक संस्कार केलेला, आणि वैद्य ते एकमेकांच्या जागी देत नाहीत. लेट्यूस ‘शंग-त्साइ’ झाला तो कच्चा खातात म्हणून. आलं ‘शंग-च्यांग’ म्हणजे ओलं आलं. आपल्याकडे सुंठेला वेगळं नाव आहे. चिनीत ती ‘कान-च्यांग’, म्हणजे सुकं आलं.

इथवर फक्त जेवण झालं. पण मराठी माणसाला ही फांदी समजायला वेळ लागू नये, कारण आपला ‘कच्चा’ जवळजवळ त्याच वाटेनं गेला आहे. गणितात कच्चा, कच्चा रस्ता, खेळातला कच्चा लिंबू. चिनीत नवशिका माणूस म्हणजे ‘शंग-शौ’, कच्चा हात. कसलेला तो ‘शू-शौ’. आपणही अशा माणसाला ‘मुरलेला’ म्हणतोच. फरक एवढाच की चिनीत हा अर्थ ओळखीपर्यंत जातो: ‘शू-रन’ म्हणजे ओळखीचा माणूस, ‘शंग-रन’ म्हणजे अनोळखी. पाठ्यपुस्तकात धड्याच्या शेवटी ‘शंग-त्स’ असं शीर्षक दिसतं, ते ‘जीवनशब्द’ नव्हेत. अजून ओळख न झालेले, म्हणजे नवे शब्द. एक म्हणही आहे, ‘शंग-मी चू-छंग शू-फान’: कच्च्या तांदळाचा भात होऊन गेला, आता परत तांदूळ होणार नाही. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल, आणि बरेचदा परस्पर उरकलेल्या लग्नाबद्दल, ती वापरतात.

आता पहिली फांदी. इथे ‘जगणं’पेक्षा ‘निर्माण होणं, येणं’ हा अर्थ मनात ठेवा, म्हणजे चिनी क्रियापदं सुटतात. ‘शंग-पिंग’: आजार येणं. ‘शंग-श्यौ’: गंज चढणं. ‘शंग-ह्वो’: विस्तव पेटवणं. ‘शंग-छी’: राग येणं, ‘छी’ ही हवा, वाफ, आतला जोर, आणि तो उसळून आला. मराठीत राग येतो, ताप येतो, घाम येतो. ‘येतो’ जे काम करतो ते तिथे ‘शंग’ करतो.

या क्रियापदांची एक व्याकरणी खूण आहे, आणि परीक्षेत नेमकी तिथेच चूक होते. हे शब्द दिसतात जोडशब्दासारखे, पण ते मधून उघडतात. ‘त्याच्यावर रागावणं’ हे ‘शंग था-त छी’ असं होतं, ‘त्याचा’ हा तुकडा मध्ये शिरतो. ‘शंग-छी’च्या पुढे ‘था’ लावून ‘त्याला रागावणं’ करायला जाल तर वाक्य चुकेल. उलट ‘शंग-छी’ नाम म्हणून आला, तर तो उघडत नाही आणि अर्थ ‘चैतन्य’ होतो. जपानीत हीच दोन चिन्हं ‘सेइकि’ वाचतात आणि तिथे फक्त हा दुसरा अर्थ आहे. म्हणून चिनी माणूस ‘शंग-छी’ झाला आहे हे वाचून जपानी शिकलेला त्याला उत्साही समजतो.

सुरांकडेही लक्ष द्या. विस्तव पेटवण्याच्या ‘शंग-ह्वो’त दुसरं अक्षर तिसऱ्या सुरात आहे. ‘राहणीमान, आयुष्य’ या अर्थाचा ‘शंग-ह्वो’ दुसऱ्या सुरात. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, हा आपल्या लिपीचा तोटा. आणि ‘शंग-ई’ म्हणताना शेवटचं अक्षर हलकं, बिनसुराचं सोडलं तर अर्थ धंदा-व्यापार. चौथ्या सुरात पूर्ण म्हटलं तर सजीवपणा.

जपानीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे अर्थ ओळखायला विरुद्धार्थी शब्दापेक्षा उच्चार जास्त उपयोगी पडतो, आणि म्हणूनच इतके उच्चार ही अडचण वाटते तशी नसून मदत आहे.

एक चिन्ह इतक्या प्रकारे कसं वाचतात, असं विचारणाऱ्यांना मी मराठी आकडे दाखवते. ‘१’ हा आपण ‘एक’ वाचतो. पण ‘१ला’ लिहिलं की कुणी ‘एकला’ म्हणत नाही, ‘पहिला’ म्हणतो. ‘२रा’ हा ‘दोनरा’ नाही, ‘दुसरा’. चिन्ह तेच, मागे लावलेलं ‘ला’, ‘रा’ हे शेपूट आपल्याला कोणता शब्द वाचायचा ते सांगतं. जपानीतली ओकुरिगाना, म्हणजे कांजीच्या मागे हिरागाना या जपानी उच्चारलिपीत लिहिलेलं शेपूट, नेमकं हेच करते.

दैनंदिन कांजींच्या सरकारी यादीत (२०१० ची आवृत्ती, २,१३६ चिन्हं) या एका चिन्हाला २ चिनी वळणाचे आणि १० जपानी वाचनप्रकार दिले आहेत. आकडा घाबरवणारा आहे. पण दहा जपानी वाचनांमध्ये मूळ ध्वनी सहाच आहेत: ‘इ’, ‘उ’, ‘ओ’, ‘हा’, ‘कि’ आणि ‘नामा’. पहिल्या चारांना शेपूट असतं. शेपूट ‘किरु’, ‘कासु’ किंवा ‘केरु’ असेल तर ‘इ’: इकिरु जगणं, इकासु जगवणं किंवा एखाद्या गोष्टीचा नीट उपयोग करून घेणं, इकेरु फुलं मांडणं; इकेबाना हा त्यातलाच. ‘मारेरु’ किंवा ‘मु’ असेल तर ‘उ’: उमारेरु जन्मणं, उमु जन्म देणं. ‘एरु’ किंवा ‘यासु’ असेल तर ‘हा’: हाएरु म्हणजे दात, केस, गवत उगवणं, हायासु म्हणजे दाढी वगैरे वाढू देणं. ‘ओ’ आता सुटा फारसा येत नाही, ‘ओइताचि’ (लहानपणची जडणघडण) अशा शब्दांत सापडतो. शेपूट दिसलं की उच्चार ठरला, आणि या चारही ध्वनींत अर्थ पहिल्या फांदीवरचाच आहे. पाठ करण्यासारखं इथे फार कमी उरतं.

शेपूट नसलेले दोन, ‘नामा’ आणि ‘कि’, हे खरे थांबून बघण्यासारखे आहेत. दोन्ही दुसऱ्या फांदीवरचे, दोन्ही शब्दाच्या सुरुवातीला चिकटतात, आणि लिहिताना अगदी एकसारखे दिसतात. पण अर्थ वेगळा आहे. ‘नामा’ म्हणजे प्रक्रिया न केलेलं. ‘कि’ म्हणजे भेसळ नसलेलं.

सोया सॉसच्या बाटलीवर हा फरक पैशात मोजता येतो. ‘नामा-जोऽयु’ हा तयार झाल्यावर उष्णता न दिलेला सॉस. ‘किजोऽयु’ म्हणजे ज्यात पाणी, मासळीचं सार, साखर असं काही मिसळलेलं नाही तो सॉस. त्याला उष्णता दिलेली असू शकते. बाटलीवर दोन्ही एकाच कांजींत छापलेले असतील, तर बाजूला बारीक हिरागानात वाचन दिलंय का ते पाहा. साके या तांदळाच्या जपानी दारूचंही तसंच: ‘किझाके’ म्हणजे पाणी न घातलेली, ‘नामाझाके’ म्हणजे तापवलेली नसलेली. नेहमीच्या साकेला साधारण ६५ अंशांवर दोनदा उष्णता देतात, साठवण्याआधी एकदा आणि बाटलीत भरताना एकदा. नामाझाकेला एकदाही नाही, म्हणून ती थंड कपाटात ठेवावी लागते. बाहेर राहिली तर चव लवकर बिघडते. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. त्यांच्या जुन्या दुकानांच्या पाटीवरचा शब्द ‘किसोबा’ आहे, ‘नामासोबा’ नाही. मूळ दावा गव्हाचं पीठ न मिसळलेल्या सोबाचा. आज तो शब्द बहुधा शोभेचाच उरला आहे, त्यामुळे पाटी वाचून गव्हाची ॲलर्जी असलेल्याला आत नेऊ नका.

‘कि’चा हा निर्भेळपणा माणसांनाही लागतो. ‘किमाजिमे’ म्हणजे जरा जास्तच गंभीर, सरळमार्गी माणूस. ‘किस्सुइ नो एदोक्को’ म्हणजे अस्सल तोक्योकर. ‘किजि’ म्हणजे मूळ कापड, आणि पावाची मळलेली कणीकसुद्धा. म्हणजे ज्याचं पुढे काहीतरी करायचं आहे असा ऐवज. गंमत म्हणजे ‘किजि’ची दोन चिन्हं चिनी माणसाला दाखवलीत तर तो वर सांगितलेली औषधी मुळी, ‘शंग-ती’, वाचेल.

‘नामा’कडे अजून एक छटा आहे: अर्धवट. ‘नामागावाकि’ म्हणजे दमट राहिलेले कपडे, ‘नामाहेन्जि’ म्हणजे लक्ष नसताना दिलेलं ‘हं हं’. ‘नामाइकि’ म्हणजे आगाऊ. पिकलं नाही तोवर मिरवणारा. त्याची तीन कांजी चिनी डोळ्यांना ‘धंदा’ आणि ‘हवा’ अशी दिसतात, आणि अर्थ लागत नाही. तुमच्या ‘नामा-बीरु’चं उत्तर मात्र साधं आहे. १९७९ साली जपानच्या रास्त व्यापार आयोगानं ठरवलं की उष्णता न दिलेल्या बिअरलाच ‘नामा’ म्हणायचं. म्हणून तिथे डब्यातल्या बिअरवरही ‘नामा’ लिहिलेलं असतं. तो शब्द तोटीतून ओतलेली असं सांगत नाही. ‘नामाहोऽसोऽ’ हे थेट प्रक्षेपणही याच घरातलं: संपादनाचा हात न फिरलेलं.

एक सापळा. ‘वस्तू’ या चिन्हाशी आपलं चिन्ह जोडलं की ‘सेइबुत्सु’ (सजीव, किंवा शाळेतला जीवशास्त्र विषय) आणि ‘नामामोनो’ (नाशवंत कच्चा माल, मासे वगैरे) हे दोन्ही शब्द अगदी सारखे लिहिले जातात. वेळापत्रकात पहिला, पार्सलवर दुसरा. हा निर्णय संदर्भच करतो, कुठलाही नियम नाही.

आता चिनी वळणाचे दोन उच्चार, ‘सेइ’ आणि ‘शोऽ’. दोन्ही मूळ ‘शंग’चेच, पण वेगळ्या काळात आलेले. ‘शोऽ’ हा जुना थर, दक्षिण चीनकडून साधारण पाचव्या-सहाव्या शतकात बौद्ध धर्माबरोबर रुजलेला. ‘सेइ’ हा थांग काळातल्या राजधानी छांग-आनचा उच्चार, सातव्या ते नवव्या शतकात अभ्यासकांनी आणि भिक्षूंनी नेलेला. शेवटचा अनुनासिक जपानीला पेलला नाही. एकीकडे त्याचा ‘इ’ झाला, दुसरीकडे लांब स्वर. याचा उपयोग असा: शब्द बौद्ध परंपरेतला असेल तर आधी ‘शोऽ’ करून पाहा (मध्ये आला की बरेचदा ‘जोऽ’). विद्यापीठ, सरकार, शास्त्र यांतला असेल तर ‘सेइ’. ‘इश्शोऽ’ (जन्मभर) आणि ‘तान्जोऽबि’ (वाढदिवस) हे रोजच्या वापरातले अपवाद आहेत, ते वेगळे लक्षात ठेवा.

बौद्ध शब्दांची ओळख महाराष्ट्रात अनेकांना पालीतून असतेच. पंचशीलातलं पहिलं, ‘पाणातिपाता वेरमणी’, चिनीत ‘पू शा-शंग’ होतं आणि जपानीत ‘फुसेश्शोऽ’. यात आपलं चिन्ह म्हणजे ‘प्राण’. जाति, जरा, व्याधी, मरण ही चौकडी चिनीत ‘शंग-लाओ-पिंग-स्स’ आणि जपानीत ‘शोऽ-रोऽ-ब्योऽ-शि’. तिथे तेच चिन्ह ‘जाति’ म्हणजे जन्म. बौद्ध ग्रंथ चिनीत आणणाऱ्या कुमारजीवानं ‘सत्त्व’ म्हणजे सजीव प्राण्यासाठी ‘चुंग-शंग’ वापरला, त्याचा जपानी ‘शुजोऽ’. एकाच ग्रंथपरंपरेत एका चिन्हानं प्राण, जाति आणि सत्त्व हे तीन संस्कृत शब्द सांभाळले आहेत, तेव्हा ‘खरा अर्थ एकच’ हा आग्रह दीड हजार वर्षांपूर्वीच्या भाषांतरकारांनाही परवडला नव्हता. पुढे हे शब्द मठातून रस्त्यावर आले. तिर्यक् म्हणजे पशू योनीसाठीचा ‘चिकुशोऽ’ आज जपानीत चडफडून दिलेली शिवी आहे. शुद्धभूमीत, म्हणजे बुद्धाच्या पवित्र लोकात, पुन्हा जन्म घेणं म्हणजे ‘ओऽजोऽ’. त्यातून ‘ताचि-ओऽजोऽ’, उभ्या उभ्या मरण, आणि आज हिवाळ्याच्या बातम्यांत बर्फात अडकलेल्या गाड्यांसाठी हाच शब्द येतो.

राहिली माणसं. ‘सेन्सेइ’ म्हणजे आधी जन्मलेला, वडीलधारा. कन्फ्यूशियसच्या ‘लुन्यू’मध्ये हा शब्द घरातल्या थोरांसाठी आला आहे: जेवणखाण असेल तर ते आधी त्यांना द्यावं, असा संदर्भ. म्हणजे ‘आधीचं जीवन’ हे भाषांतर चुकलं ते नाम धरल्यामुळे. क्रियापद धरलं की ‘आधी उगवलेला’ हे सरळ येतं. जपानीत हा मान शिक्षक, डॉक्टर, वकील, लेखक, आमदार-खासदार यांना मिळतो, आणि स्वतःला कधीच लावत नाहीत. स्वतःचा व्यवसाय सांगताना शिक्षक ‘क्योऽशि’ म्हणतो. चिनीत ‘श्येन-शंग’ म्हणजे आज मुख्यतः ‘श्रीयुत’, किंवा बायको नवऱ्याचा उल्लेख करते तो शब्द. नामवंत विद्वानांनाही लावतात, त्यात स्त्रियाही आल्या. पण वर्गातल्या चिनी शिक्षिकेला ‘श्येन-शंग’ म्हणू नका, ‘लाओ-श्र’ म्हणा. डॉक्टर तिथे ‘ई-शंग’.

‘गाकुसेइ’, ‘श्वे-शंग’ यांतला शेवटचा तुकडा तिसरीच गोष्ट आहे. तो ‘शिकणारा, पेशातला माणूस’ असा प्रत्यय झाला आहे, इथे विरुद्धार्थी शब्दाची कसोटी लावत बसू नका. चिनी ‘श्वे-शंग’ बालवर्गापासून पीएचडीपर्यंत चालतो. जपानी ‘गाकुसेइ’ मुख्यतः महाविद्यालयाचा. माध्यमिक शाळेतला ‘सेइतो’, प्राथमिकमधला ‘जिदोऽ’. आणि ज्यात खरंच नुकसान होऊ शकतं असा शब्द म्हणजे जपानी ‘केन्क्यूसेइ’, चिनी ‘येन-च्यौ-शंग’. चिनीत याचा अर्थ पदव्युत्तर विद्यार्थी, एमए किंवा पीएचडी करणारा. जपानीत पदवीसाठी नोंद न झालेला, प्राध्यापकाच्या हाताखाली प्रवेशाची तयारी किंवा संशोधन करणारा. तुम्ही एमए करत असाल आणि जपानी अर्जात त्यासमोर हा शब्द लिहिलात, तर पदवीसाठी नोंदच नाही असं वाचलं जाईल. तिथे ‘दाइगाकुइनसेइ’ हवं.

अशा फसव्या जोड्या आणखी आहेत, दोनच सांगते. ‘शंग-छ्येन’, जपानी ‘सेइझेन’: ‘जन्माआधी’ वाटतो, पण अर्थ ‘हयात असताना’, आणि तो फक्त मृत व्यक्तीबद्दल. जिवंत माणसाबद्दल चुकून वापरलात तर फार वाईट दिसतं. दुसरा ‘वेइ-शंग’, जपानी ‘एइसेइ’. ‘प्राणाचं रक्षण’ असा हा शब्द ‘च्वांग-त्स’ या प्राचीन चिनी ग्रंथातला. एकोणिसाव्या शतकात, जपानच्या आधुनिकीकरणाच्या मेइजी काळात, नागायो सेन्साइ या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो सार्वजनिक आरोग्यासाठी उचलला, १८७५ मध्ये जपानी सरकारच्या खात्याला ते नाव मिळालं, आणि या नव्या अर्थासह तो चीनमध्ये परतला. आज चीनमध्ये ‘वेइ-शंग-च्येन’ची पाटी म्हणजे स्वच्छतागृह.

आता सराव. माझ्या अनुभवात ‘हे चिन्ह = जीवन’ असं शब्दपत्र (फ्लॅशकार्ड) सगळ्यात जास्त घोटाळा करतं, ते काढून टाका. पत्र शब्दाचं करा. पुढे पूर्ण शब्द. मागे जपानीसाठी हिरागाना, चिनीसाठी सूर (हलका असेल तर तसं लिहून), आणि कोपऱ्यात तीनपैकी एक खूण: मरणाच्या उलट, शिजलेल्याच्या उलट, किंवा माणूस. सुरुवातीला प्रत्येक भाषेचे पंधरा-वीस शब्द पुरतात. दोन्ही भाषांची पत्रं एकत्र मिसळू नका, वेगवेगळ्या दिवशी करा. फसव्या जोड्यांचं मात्र एकच पत्र, दोन्ही अर्थ मागे. फक्त जपानीच पुढे न्यायची असेल, तर ‘नामा’ आणि ‘कि’ यांच्यावर जास्त वेळ द्या. चिनीवर भर असेल, तर मधून उघडणाऱ्या क्रियापदांवर.

लिहिताना एक बारीक भेद. चीनमध्ये क्रम तिरपी, आडवी, आडवी, उभी, आडवी. जपानी शाळेत तिरपी, आडवी, उभी, आडवी, आडवी. छापील रूप सारखंच असतं, पण हातानं लिहून चिन्ह शोधणारी काही साधनं क्रमावर अवलंबून असतात, तेव्हा सापडलं नाही तर दुसरा क्रम वापरा. आणि हे चिन्ह दुसऱ्याचा भाग म्हणून आलं की तिथे बरेचदा ते फक्त आवाज देतं. ‘तारा’ आणि ‘स्वभाव’ या चिन्हांत ते आहे, आणि जपानीत दोन्ही ‘सेइ’ वाचतात. ताऱ्यात जीवन शोधू नका. ‘आडनाव’ या चिन्हात ‘स्त्री’शेजारी ते आवाज आणि अर्थ दोन्ही देतं असं मानायला जागा आहे.

गावांची आणि माणसांची नावं या सगळ्याच्या बाहेर आहेत. फुस्सा, आइओइ, किर्यू, हान्यू, मिबु, इकुता: प्रत्येकात हेच चिन्ह, प्रत्येकात वेगळा आवाज, आणि हिरवळीच्या ‘शिबाफु’त ते चक्क ‘फु’ वाचतात. तिथे जपानी माणूसही अंदाज करत नाही, विचारतो. ‘नान तो ओयोमि सुरु न देस का’, म्हणजे ‘हे कसं वाचायचं?’ एवढं वाक्य तोंडी ठेवा. व्हिजिटिंग कार्ड हातात आल्याबरोबर ते विचारणं तिथे अजिबात वावगं समजत नाहीत.